हात वर

"चला, नेहमीसारखं मतदान घेऊ," असं म्हणत विहानने चहाचे कप बाजूला सारले. तो सकाळच्या विमानाने सिडनीहून आला होता आणि संध्याकाळी परत जाणार होता. घाई त्याच्या आवाजातच होती.

टार्निट उपनगरातल्या त्या घरात सगळं मतदानानेच ठरायचं. पडद्यांचा रंग, सुट्टीचा बेत, अगदी रविवारची भाजीसुद्धा. ही टूम विहानच्या आईची, मेधाची. पुण्याच्या शाळेत इतिहास शिकवलेली बाई, तिने प्राचीन अथेन्सची लोकशाही थेट जेवणाच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. हात वर करण्याआधी ती दर वेळी विचारायची, "कोणाला बोलायचंय?" तिथल्या सभेत म्हणे असंच विचारत. न बोलता नुसते हात मोजले तर ती शिरगणती, लोकशाही नव्हे, असं ती मुलांना बजावायची.

आज ठराव तिच्याबद्दलच होता. मंगळवारी ती गाऊनवरच रेल्वे स्टेशनवर सापडली होती, शाळेला उशीर होतोय म्हणून रडत. आता एका केअर होममध्ये खोली रिकामी झाली होती आणि उद्यापर्यंत कळवायचं होतं.

"तिचंही मत धरायचं," शैलेंद्र म्हणाला.

"बाबा, कमॉन. आईला कळतंय तरी का काय चाललंय?"

"या घरची नागरिक आहे ती. धरायचं म्हणजे धरायचं."

निहारिकाने भावाला डोळ्यांनीच थांबवलं. "ओके बाबा. धरू या."

शैलेंद्रने मनात गणित जुळवलं होतं. दोन विरुद्ध दोन. मतं समसमान पडली की आहे तसंच चालू ठेवायचं, हा घरातला जुना नियम. टेबलाखाली त्याने बायकोचा उजवा हात घट्ट धरून ठेवला. एवढा एक हात खाली राहिला की झालं. ती घरात राहावी, यापलीकडे त्याला काहीएक नको होतं.

"आईला तिकडे ठेवायचं, असं ज्यांना वाटतं," विहान म्हणाला, "हॅन्ड्स अप."

त्याने स्वतःचा हात वर केला. निहारिकाने डोळे पुसले आणि तिनेही केला.

मेधाने दोघांकडे पाहिलं. वर झालेले हात बघून तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला. शैलेंद्रच्या मुठीतून तिने आपला हात हळूच सोडवून घेतला आणि पहिल्या बाकावरच्या मुलीसारखा ताठ वर केला.

"अहो, तुमचाच राहिला," ती हसून म्हणाली.

मुलं टेबलाकडे बघत बसली.

मग तिच्या कपाळावर आठी आली. "थांबा हं. कोणाला बोलायचंय, ते मी विचारलं का?"

"विचारलंस," शैलेंद्र म्हणाला. आपण विसरलो हे तिला कळू नये म्हणून त्या टेबलावर तो पहिल्यांदाच खोटं बोलत होता.

"मग कोण काय बोललं?"

विहानने हात खाली घेतला. निहारिकानेही घेतला. मेधाचा तेवढा वरच राहिला.