एकोणीस जोड्या

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी दोन केळी उरली.

शाळेच्या मावशींनी पिशवी उलटी करून पाहिली. "अडतीस आणली होती, बाई. घरून मोजून आणली."

चौथीच्या बाई बसच्या पुढच्या दारापासून मागच्या सीटपर्यंत गेल्या. एकेका डोक्याला हात लावत मोजलं. छत्तीस. परत येताना पुन्हा मोजलं. छत्तीस. वर्ग ज्यांना चिमणी आणि चष्मिस म्हणत असे, त्या दोघी मुली नव्हत्या.

बस जलशुद्धीकरण केंद्राच्या आवारात इंजिन चालू ठेवून उभी होती. सहल संपली होती.

"गेटवर मुलं मोजली होती ना तुम्ही?" मावशींनी हळू विचारलं.

"मोजली. जोडीदार नाही त्याने हात वर करा म्हटलं. एकही हात वर आला नाही."

"त्या दोघी एकमेकींच्याच जोडीदार. हात वर करणार कोण?"

पद्धत बाईंचीच होती. एकेक मोजत बसू नका, गट करा, काम लवकर होतं, हे त्यांनी जूनपासून वर्गाला शिकवलं होतं.

केंद्राचा ऑपरेटर बसच्या पायरीवर चढला. "आवार नऊ एकरांचं आहे. माझ्याकडे माणसं चार. शेवटचं कुठे पाहिलं ते सांगा, नाहीतर आम्ही नुसते धावत बसू."

सकाळचे दोन तास बाईंच्या डोक्यात एकावर एक पडले होते.

तिसऱ्या सीटवरून एका मुलीचा आवाज आला. वर्ग तिला वकीलबाई म्हणत असे; ती प्रत्येक उत्तराला हरकत घ्यायची. "बाई, शेवटून मागे जाऊ या?"

ही रीत बाईंनी याच आठवड्यात गणितात शिकवली होती. शेवट ठाऊक असेल, सुरुवात नसेल, तेव्हा एकेक पायरी उलटी चालायची.

बाईंनी सीटचा दांडा धरला. "बसच्या आधी?"

"गेट," मुलं म्हणाली.

"त्याच्या आधी?"

"नळावर हात धुतले."

"नळावर त्यांना कोणी पाहिलं?"

कोणी पाहिलं नव्हतं. रांगेत शेवटी असलेला मुलगा म्हणाला, "माझ्या मागे कोणीच नव्हतं. मला वाटलं, मीच शेवटचा."

"त्याच्या आधी?"

"प्रयोगशाळा. जोडीला एक काचेची नळी दिली होती. पाण्यात औषध टाकून रंग बघायला."

ऑपरेटरने फोन लावला. पलीकडून उत्तर यायला अर्धं मिनिट गेलं. "एकोणीस नळ्या दिल्या, एकोणीस परत आल्या. सव्वाअकराला कपाट बंद केलं."

"म्हणजे तिथे होत्या," वकीलबाई म्हणाली. "नळावर नव्हत्या. मधे काय आहे?"

मधे एकच गोष्ट होती. साठ पावलांची वाट, तिच्या एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला गाळ खाली बसवण्याच्या दोन उघड्या टाक्या. वर्गात अशी उत्तरं बरोबर आली की बाई टाळी वाजवत. आता प्रत्येक पायरी बरोबर येत होती आणि त्यांनी दांडा सोडला नव्हता.

खिडकीजवळची एक मुलगी रडायला लागली. बाई तिच्यापाशी खाली बसल्या. "तुला काही माहीत आहे का गं? मी रागावणार नाही."

"त्या म्हणाल्या, कोणाला सांगू नकोस. उत्तर फुटेल."

"कसलं उत्तर?"

"तुम्हीच घातलेलं गणित. पाण्यात न उतरता टाकी किती खोल आहे ते कसं काढाल. उद्या सांगा म्हणालात ना. त्यांना आजच काढायचं होतं. कमरेच्या पट्ट्याला पट्टा बांधून, खाली दगड लावून."

ऑपरेटर तेवढं ऐकून पळाला. बाई मागोमाग उतरणार, तोच मावशी दारात आडव्या आल्या.

"तुम्ही इथेच थांबा. ह्या छत्तीसांचंही तुम्हालाच बघायचं आहे." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "दोरी शोधायला गेल्या असतील कुठेतरी. पोरींना काय, वेळेचं भान असतं का? गोदामात असतील बघा."

"दोन पट्टे पुरत नाहीत," वकीलबाई स्वतःशीच म्हणाली. तिने कमरेच्या पट्ट्यावर वितीने मोजून पाहिलं होतं. "पाणी काठापासून खाली होतं. दगड पाण्याला लागायला ओणवं व्हावं लागतं."

"गप्प बस," मावशी म्हणाल्या.

अकरा अठ्ठावन्नला केंद्राचा एक माणूस बसपाशी सांगत आला. दुसऱ्या टाकीच्या कठड्याला दोन निळे पट्टे गाठ मारून लटकत होते. खालचं टोक ओलं होतं. दगड नव्हता.

पाणी गढूळ होतं, हातभर खालचंही दिसत नव्हतं. बांबू घालून पाहिला, तो तळाला पोचेना. ऑपरेटरने टाकी रिकामी करायचा खालचा व्हॉल्व्ह उघडला. पोहणारा माणूस शहरातून निघाला होता. दोन माणसं गोदामात गेली, एक बागेत, एक मागच्या कुंपणाशी. मुख्याध्यापकांना फोन झाला. दोन्ही घरी अजून झाला नव्हता. तो कोणी करायचा हे ठरत नव्हतं.

शेवटी बाईंनी मावशींना बसमध्ये बसवलं आणि त्या टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. तळापर्यंत लोखंडी पायऱ्या भिंतीला ठोकलेल्या होत्या. एकूण अकरा, असं ऑपरेटरने सांगितलं. गोदाम रिकामं असल्याचा निरोप आला. बाग आणि कुंपण अजून शोधत होते.

बारा वाजून पस्तीस मिनिटांनी पाणी वरून तिसऱ्या पायरीखाली गेलं होतं.