पाचवा हात

"सहा सेंटिमीटर," स्वानंदने हात बाहेर काढत सांगितलं.

"नक्की? क्षिप्रा तर पाच म्हणाली." वैजयंती मॅडम हसल्या. "कोणाचं तरी चुकतंय. बघू, उन्नती काय म्हणते."

खाटेवर जागृती होती. तळवलीची, पहिलटकरीण, सकाळपासून कळा सोसणारी. गर्भाशयाचं तोंड किती उघडलंय ते बोटांनी तपासणारा स्वानंद हा तासाभरातला चौथा विद्यार्थी. तपासायचं, आकडा सांगायचा, ग्लोव्ह बादलीत टाकायचा, चला पुढचा. बँकेत टोकनचा नंबर पुकारावा तसं चाललं होतं सगळं.

आता शिकायला नको का? हवंच. कोण नाही म्हणतंय! विद्यार्थ्यांच्या हाती काम सोपवलंच नाही तर डॉक्टर काय आभाळातून पडणार आहेत? पण कॉलेजच्या ह्याच हॉस्पिटलात वर डिलक्स मजला आहे. तिथेही बायका बाळंत होतात आणि तिथे विद्यार्थ्यांना पाऊल टाकू देत नाहीत. त्या बायकांची शरीरं वेगळी असतात बहुतेक. शिकायचं ते खाली, जनरल वॉर्डात, जिथे खाट फुकट.

मॅडम शिकवायच्या मात्र जीव तोडून. मुलांवर विश्वास टाकणारी बाई म्हणून कॉलेजात त्यांचं नाव होतं. "आजपासून हे काम तुझ्यावर सोपवलं," असं त्या ज्याला म्हणत, त्याची कॉलर ताठ व्हायची. उन्नती महिनाभर त्या वाक्याची वाट बघत होती. प्लॅस्टिकच्या पुतळ्यावर तिने इतका सराव केला होता की हॉस्टेलच्या मुली चिडवायच्या. आज मॅडमनी सोपवलं की बाळंतपणाच्या वॉर्डातलं पोस्टिंग पूर्ण.

तिने ग्लोव्ह चढवला. फट् आवाज झाला.

त्या आवाजासरशी जागृतीने भिंतीकडे तोंड फिरवलं आणि गुडघे आपणच बाजूला केले. कोणी काही सांगितलं नव्हतं. डोळे मिटलेले, खालचा ओठ दातांत धरलेला. चौघांनी तिला एवढं शिकवलं होतं.

उन्नतीच्या डोक्यात सणक गेली. तिला मॅडमचा राग आला, स्वानंदचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण चारही वेळा ती इथेच उभी राहून मान डोलावत होती.

"मॅडम, ह्यांना कोणी विचारलंय का?"

"काय?"

"चालेल का म्हणून."

"ॲडमिट करताना नवऱ्याने सही केलीय. टीचिंग हॉस्पिटल आहे, त्यात सगळं येतं."

"पण आपण नवऱ्याला नाही ना तपासत!"

ट्रे लावणाऱ्या मीना सिस्टरांचा हात थांबला. स्वानंद उगाचच खोकला.

"हे बघ," मॅडम दात आवळून म्हणाल्या, "भाषणं कॅन्टीनमध्ये. तपासायचं तर तपास, नाहीतर पोस्टिंग रिपीट कर. बस मग सहा महिने रडत."

"एका तासात पाच जणांनी तपासायची पेशंटला गरज आहे का, मॅडम? इन्फेक्शनचं तुम्हीच शिकवलंत ना आम्हाला?"

"पेशंटला नाही, तुम्हाला गरज आहे!" मॅडम फाडकन बोलल्या. "तुमच्यासाठीच मरतेय ना मी? उद्या बाहेर जाऊन पेशंट मारलेत तर नाव माझं जाणार!"

बोलून गेल्या खऱ्या, पण दोघींच्या मधे जागृती होती आणि ती काही बहिरी नव्हती. तेवढ्यात कळ आली. जागृती खाटेची दांडी धरून विव्हळली. सिस्टरांनी तिची कंबर चोळली. हळूहळू कळ ओसरली.

मग मॅडम खाटेवर वाकल्या. उन्नतीची चांगली जिरवायची होती त्यांना, म्हणून बालवाडीतल्या पोरीशी बोलावं तसा लाडिक आवाज काढला.

"काय गं जागृती, ही ताई तपासणार आहे तुला. चालेल ना? बघ हं, विचारतेय मी."

जागृतीने मान वळवली. कपाळावर केस चिकटले होते. तिने एकेकाच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं.

"पयल्या पोरीनी इचारला आसता ना, तं मी हो बोलले आसते," ती म्हणाली. "माजी ननंद पन नर्सिंग करतंय. शिकाला लागतं, मना काय समजत नाय?"

"हं, मग झालं तर. उन्नती, चल..."

"आता नाय." जागृतीने पायाशी पडलेली चादर ओढून अंगावर घेतली. "सिस्टर राहू दे. बाकी सगले भायेर जावा."

स्वानंद आधी सटकला, त्याच्यामागे क्षिप्रा आणि उरलेले दोघे. उन्नतीने ग्लोव्ह काढला. तिला थांबायचं होतं, तिने भांडण केलं होतं ते हिच्यासाठीच. पण 'बाकी सगले' म्हणताना जागृतीने तिला वगळलं नव्हतं. तीही मुकाट बाहेर गेली.

मॅडम जागच्या हलल्या नाहीत. "अगं, मला कशाला बाहेर घालवतेस?" त्या हसून म्हणाल्या. "मी तुझी डॉक्टर आहे."

"हो?" जागृती म्हणाली. "मना कोनी सांगितलाच नाय."