रुळायचे दिवस

आजही विंतानं आईचा, अझिएबचा, स्वेटर सोडला नाही. अझिएबनं बुटात घातलेला पाय मुकाट्यानं बाहेर काढला.

“असू दे गं,” बालवाडीची शिक्षिका इंगेला म्हणाली, “घाई नाहीये कुणाला.”

घाई कशी नाही? स्वीडनमधल्या बालवाडीत मूल रुळेपर्यंत आईनं नाहीतर बापानं सोबत बसायचं, अशी रीत. दाढीवाला योनास तर लेकाला आठवड्याच्या आत सोडून शीळ घालत कामावर गेला. अझिएब मात्र पानगळीत येऊन बसली ती बर्फ पडला तरी तिथंच, पोरांच्या बुटक्या खुर्चीवर, गुडघे पोटाशी घेऊन.

लाज वाटायची तिला, फार लाज. एरिट्रियाहून आलेल्या बाकी बायकांची पोरं भराभरा स्वीडिश बोलायला लागली होती. विंता घरी आपल्या भाषेत तोंडाला खळ पडू देत नसे, पण बालवाडीत अवाक्षर काढत नव्हती. शेजारीण लेतेनं तर चारचौघींत विचारलंच, “काय गं, नाव पोरीचं घातलंयस की तुझं?” सगळ्या हसल्या. अझिएबही हसली आणि घरी येऊन रडली. नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा. रविवारी उगवायचा, जेवून झोपायचा. सांगणार कुणाला?

आणि पोरगी तरी कसली! चित्रांचं पुस्तक घेऊन मांडीवर बसायची, सफरचंदावर बोट ठेवून आईच्या तोंडाकडे बघत राहायची. आईनं अडखळत स्वीडिशमध्ये नाव सांगितलं की मगच पान उलटायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सफरचंद. गाण्याच्या वेळी स्वतः ढिम्म, आईला मात्र ढोसून ढोसून गायला लावायची. पोरगी बुद्धीनं कमी आहे, असं अझिएबनं मनाशी धरूनच टाकलं होतं. एकदा रागाच्या भरात ती लेकीला ‘ठोंबी’ म्हणाली. विंतानं ऐकून घेतलं आणि पान उलटलं.

आज नगरपालिकेकडून शेश्तिन नावाच्या तज्ज्ञ बाई आल्या होत्या. विंताला इथंच ठेवायचं, की गावाच्या दुसऱ्या टोकाला, उशिरा बोलणाऱ्या मुलांच्या बालवाडीत पाठवायचं, हे त्या ठरवणार होत्या.

“तू जरा स्वयंपाकघरात कॉफी घे,” इंगेला अझिएबला म्हणाली. विंतानं नाइलाजानं स्वेटर सोडला.

अझिएब कप घेऊन दाराआड उभी राहिली. चोरून ऐकू नये हे कळत होतं, पण पाय हलेनात.

“तिकडं छान छान खेळणी आहेत,” शेश्तिन विंताला सांगत होत्या. “फक्त तिथं आईला बसता येत नाही. चालेल ना तुला?”

मग आवाज आला, स्वच्छ, सरळ, स्वीडिशमधला. हे दुसऱ्याच कुणाचं तरी मूल, असं अझिएबला आधी वाटलं.

“नाही चालणार. मला येतं बोलायला. पण मी बोलले तर तुम्ही आईला घरी पाठवाल.”

अझिएबला शब्दन् शब्द कळत होता.

“आई गेली की रडू येतं का तुला?” शेश्तिननी हळूच विचारलं.

“मला कुठं? तीच रडते, घरी आम्ही दोघीच असलो की. इथं सगळे तिच्याशी बोलतात. आता ती हसतेसुद्धा. अजून थोडे दिवस थांबा ना. ती रुळली की मी सांगते तुम्हाला.”