मागे खोचलेला पेनड्राइव्ह

ओउलू शहरातल्या घरी बाबांनी स्वतः जोडलेला कॉम्प्युटर सुरूच होईना. पडद्यावर एकच ओळ: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. “डोकं शाबूत आहे म्हणता ना, बाबा? मग हा चालू करून दाखवा,” माझा भाऊ इल्का म्हणाला. “नाहीतर सोमवारी वृद्धाश्रमाला होकार कळवतो.” बाबांनी भाग सुटे केले, पुसले, पुन्हा बसवले. तीच ओळ. कॉफी ठेवताना मला मशीनच्या मागे खोचलेला पेनड्राइव्ह दिसला. बाबा तो काढायला विसरले होते आणि मशीन त्या रिकाम्या पेनड्राइव्हमध्येच सिस्टिम शोधत होतं. इल्का पावाला लोणी फासत होता. मी पेनड्राइव्ह हळूच खिशात घातला. “आता लावा.” कॉम्प्युटर सुरू झाला. “बघ, गाढवा!” बाबा गरजले. इल्का कोट चढवून गेला. दार लागल्यावर बाबांनी माझ्यापुढे तळहात पसरला. “तू नसशील तेव्हा कोण काढणार गं?”