लाडाचा कप

"कादंबरीतल्या मुलीला राग कसा येत नाही?" संपादकांनी फोनवर विचारलं. "जातीमुळे तिला उंबऱ्याबाहेर वेगळ्या कपात चहा देतात, आणि ती खूश होते! वाचकांना पटायचं नाही."

कादंबरी उत्पलाने लिहिली होती. गोष्ट सांगणारी ती नऊ वर्षांची मुलगी म्हणजे उत्पलाच होती. संध्याकाळी तिने ते प्रकरण आईला वाचून दाखवलं. तांदूळ निवडता निवडता आईचे हात थांबले.

"तुला खरंच तसं वाटायचं?"

"तूच सांगायचीस ना, पाटलीणबाईंचा माझ्यावर जीव आहे, म्हणून माझा कप त्या कुणाला देत नाहीत. मी शाळेत मिरवायचे."

"मला माझ्या आईने सहाव्या वर्षीच खरं सांगून टाकलं," आई म्हणाली. "त्यानंतर मी कुणाच्या अंगणात मान वर करून गेले नाही. तुझी थोडी वर्षं तरी वाचावीत म्हणून खोटं बोलत राहिले."

अकराव्या वर्षी वर्गातल्या मुलींनी हसत हसत खरं सांगितलं, तेव्हा उत्पला घरी येऊन आईच्या अंगावर ओरडली होती, "खोटारडी आहेस तू!" तो प्रसंग पुढच्याच पानावर होता.

उत्पलाला ते पान उलटवेना.