भाच्यासाठी दूध

वावराच्या वाटणीवरून गजेंद्र सख्ख्या बहिणीशी, दामिनीशी, दोन वर्षं बोलला नव्हता. आणि सोमवारी संध्याकाळी अचानक तोच पातूरला तिच्या दारात दुधाची कॅन घेऊन उभा. "भाच्याले घरच्या म्हशीचं दूध पाज वं बाई. इकतचं कायले आणतं?"

मग तो रोजच येऊ लागला. पहिल्या दिवशी तिनं कॅन घेतली ती तोंड फुगवूनच. बुधवारी मात्र चहा टाकला, भावाला बसवून घेतलं, आणि तो गेल्यावर पदर डोळ्याला लावून रडली. गुरुवारी सकाळीच लेकराला कडेवर घेऊन ती माहेरी निघाली. वावरातला वाटा मले नाही पायजे, एवढंच तिला भावाला सांगायचं होतं.

गोठ्यात गुरांचे डॉक्टर म्हशीच्या सडात औषधाची ट्यूब सोडत होते. त्यांचं बोलणं ऐकून दामिनी दाराबाहेरच थबकली.

"कासेची सूज उतरून राहिली, गजेंद्रभाऊ. पण हे औषध दुधात उतरते. सोमवारी पहिली ट्यूब सोडली तवाच सांगतलं होतं, मी म्हणेपर्यंत सगळं दूध फेकून द्यायचं. लहान लेकराले तर चुकूनही पाजायचं नाही. ध्यानात हाये न?"

गजेंद्रनं म्हशीच्या पाठीवर थाप मारली.



"हाये न, साहेब! सोमवारपासून माह्या लेकरायच्या तोंडाले एक थेंब लागू देल्ला नाही."