नावावर ठेवलेला हात

“बाईंना वाचता येतं ना?” वेंडेल क्रॉमरने विचारलं. “मग ‘आपण नागरिक आहात का’ हा प्रश्न दिसला नाही फॉर्मवर?”

“गाडीच्या लायसन्सच्या फॉर्मवरच मतदारनोंदणीही असते. खिडकीवरचा माणूस म्हणाला, इथे खूण करा. तिने केली,” बचावाची वकील ओपल हेगन म्हणाली. “पुढे घरी मतदारकार्ड आलं. तिला वाटलं, सरकारच पाठवतंय म्हणजे आपण झालो नागरिक. एकदा मत दिलं, वेंडेल. एकदाच!”

मारिविक डागोहोय मांडीवरची पर्स घट्ट धरून बसली होती. फिलिपिन्सहून येऊन तिला बावीस वर्षं झाली होती. नेब्रास्कातल्या या गावच्या वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना न्हाऊ-माखू घालायची. नवरा इथलाच, मुलं इथलीच. गुन्हा शाबित झाला तर तिला देशाबाहेर काढणार, हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. खटला भरायचा की नाही, हे मात्र एकट्या वेंडेलच्या हातात होतं. तो जिल्ह्याचा सरकारी वकील होता.

त्याच्यापुढच्या कागदावर दोन चौकटी होत्या: ‘खटला भरावा’ आणि ‘सोडून द्यावे’. दुसऱ्या चौकटीला अकरा वर्षांत त्याचं पेन शिवलं नव्हतं. खूण करताना तो कागदावरच्या नावावर डावा हात ठेवायचा. “नाव दिसलं की मन पाघळतं,” असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. नाकाने कांदे सोलायची त्याची ही तऱ्हा सगळ्या कोर्टाला पाठ होती.

“तुमच्या आईला शेवटची दोन वर्षं हिनेच भरवलंय,” ओपल म्हणाली.

“त्याचा पगार मिळत होता तिला.”

मारिविक पहिल्यांदाच बोलली. “साहेब, लोरेनआजी तुमच्यासाठी वर्षातून दोनदा केक मागवायच्या. एक वाढदिवसाला आणि एक तुम्ही त्यांच्या घरी आलात त्या दिवशी. दोन्ही मीच आणायचे.”

“मग? केक खाल्ला म्हणून कायदा सोडू?” त्याने नावावर हात ठेवून पहिल्या चौकटीत खूण केली. “आपण कुठल्या देशाचे, एवढंही ज्याला कळत नाही, त्याने मत द्यायला जाऊच नये.”

मे महिन्यात मारिविकला मनिलाच्या विमानात बसवलं. धाकट्या मुलीचा शाळेतला शेवटचा दिवस त्याच आठवड्यात होता. वेंडेलला कुणीतरी हे सांगितलं, तेव्हा तो सँडविच खात होता आणि खातच राहिला. असल्या माणसांचं एक बरं असतं, त्यांना स्वतःचा संशय कधी येत नाही.

जूनमध्ये त्याला पासपोर्टची गरज पडली. मुलीचं लग्न मेक्सिकोच्या समुद्रकाठी ठरलं होतं आणि या गृहस्थाने चोपन्नाव्या वर्षापर्यंत पासपोर्ट काढलाच नव्हता. बाहेर बघण्यासारखं काही असतं, हेच त्याला मान्य नव्हतं. कोर्टाच्या तळमजल्यावर म्हातारी डोरीन पासपोर्टचे अर्ज घ्यायची. मतदारयादीही तीच सांभाळायची.

त्याने आईच्या बिस्किटांच्या डब्यातून आणलेला कागद तिने उलटसुलट करून पाहिला. “दत्तकपत्र. एवढंच?”

“जजचा शिक्का आहे त्यावर. बाबा लष्करातून सुटून जर्मनीहून परत आले, त्या वर्षीचा. आणखी काय हवं?”

“मला काही नको रे. वॉशिंग्टनला हवं असेल तर कळवतील.”

“आणि यादीत आणखी कुणी परका सापडला, तर कागद त्याच दिवशी वर आण. कुणीही असो.”

सप्टेंबरात डोरीन जिना चढून वर आली. धाप लागली होती, तरी बसली नाही. हातातला दोन चौकटींचा कागद तिने टेबलावर ठेवला.

“सापडला एक. वॉशिंग्टनहून कळवलंय.”

वेंडेलचा डावा हात आपोआप नावावर गेला. “किती वेळा मत दिलं?”

“प्रत्येक निवडणुकीत. छत्तीस वर्षं.”

त्याने शीळ घातली. “निर्ढावलेला दिसतोय! आणि म्हणत असेल, मला माहीत नव्हतं.”

“नसेलही. तान्हा असताना आणलेला. आईबापांना वाटलं, घरात घेतलं म्हणजे झालं. नागरिकत्वाचा वेगळा अर्ज करायचा राहूनच गेला.”

“आईबापांवर ढकलायचं. जुनी युक्ती आहे.”

“आधी नाव बघ, वेंडेल.”

“नाव दिसलं की मन पाघळतं.”

“एकदा तरी बघ. तुझ्या आईची मैत्रीण म्हणून सांगते.”

“बाईमाणसाने कायद्यात पडू नये,” असं म्हणून त्याने पहिल्या चौकटीत खूण केली आणि खाली झोकात सही ठोकली. “जा, आजच्या टपालात राज्याच्या कचेरीला पाठव. एकदा सही झाली की मी माघार घेत नाही.”

“ठाऊक आहे,” डोरीन म्हणाली. “तेवढा हात उचल, म्हणजे कागद घेते.”

त्याने हात उचलला. नावाच्या रकान्यात तिने सुबक अक्षरांत लिहिलं होतं: वेंडेल अर्नेस्ट क्रॉमर.